दादाचं नाव

लाइट गेली आणि लूम थांबले. आमच्या बिल्डिंगच्या पाठीला पाठ लावून कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. दिवसभर भिंतीतून खटखट येत राहते, ताटातलं कालवण थरथरतं, ग्लासात काढून ठेवलेली माझी कवळी माझ्यावाचूनच बोलत बसते. या आवाजाची इतकी सवय झालीय, की तो थांबला म्हणजे कुणीतरी हाक मारून गप्प झालं असं वाटतं. तर लूम थांबले. खाली कुणी भैया ‘गयी रे’ म्हणून ओरडला. घरात नातीच्या, उन्नतीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. हॉल घ्यावा असं माझा मुलगा केसरीनाथ म्हणत होता, आणि सून कमळ म्हणत होती, ‘हॉल घ्या न्हायतर काय पन घ्या, मांडव दाराशी पायजे.’ मांडव हा शब्द त्या एकाएकी रिकाम्या झालेल्या खोलीत जरा मोठाच ऐकू आला, आणि खाटेवरून हौसा म्हणाली, ‘दादा.’

हौसा माझी बायको. दिवाळीनंतर तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द म्हणून निघाला नव्हता. सगळे खाटेभोवती जमले. केसरीनाथ तिच्या कानाशी वाकून ओरडला, जणू वारं कानावरूनच गेलं होतं. ‘आये, कनचा दादा? मामा? मामा तर गेला गो कवाच!’ कमळनं पदर डोळ्याला लावला. ‘नातीचं लगीन ऐकलं ना, भाव आठवला त्यांना.’ हौसा कुणाकडेच बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही, आणि मी बोललो नाही हीच खरं तर त्या दिवसाची मोठी बातमी होती. मी लडकू पाटील, खाडीकाठच्या गावांत सहसा कुणी मला गप्प बसलेला पाहिलेला नाही. पण तो दादा कोण हे त्या खोलीत मला एकट्यालाच आठवलं, आणि ते सांगितलं असतं तरी माझी थाप समजून कुणी खरं धरलं नसतं. दादा म्हणजे झाड.

हौसा डोंगराकडची, वज्रेश्वरीच्या पलीकडची. तिच्या माहेरच्या घराण्यात अशी रीत, की मुलगी सासरी निघाली की आई तिच्याबरोबर एक रोप देते. मुलीनं ते सासरच्या परसात लावायचं. तो तिचा पाठराखा, तिचा दादा. पुढं त्या घरात लग्न निघालं की मांडवाला पहिली फांदी दादाची. ती चढल्याशिवाय हळद कांडायची नाही, कारण माहेरचा माणूस अजून आलेला नसतो. केसरीनाथच्या लग्नात मी स्वतः शिडीवर चढून फांदी बांधली होती, आणि खालून हौसा म्हणत होती, ‘घट्ट बांधू नका, त्याला दुखल.’ लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, हे झाड कसलं? म्हणाली, दादा हाय. म्हटलं ते समजलं, पण नाव काय? तर म्हणाली, ‘दादाचं नाव घेत न्हायत. नाव बाहेरच्या झाडाचं घेवाचं. नाव घेतलं का तो परका झाला.’ मला ते ऐकून फार गंमत वाटली. परत म्हणून विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसाला नाव नसलेली वस्तू म्हणजे चरायला मोकळं रान. आणि आम्ही खाडीकाठची माणसं. मला जिताडा आणि बोईट हे मासे अंधारात नुसत्या हातानं ओळखता येतात, भरती कुठं पोचली ते चिखलाच्या वासावरून सांगतो. पण झाड म्हणजे आम्हाला सावली. ज्या सावलीत बसलो त्या सावलीला नाव विचारलं नाही.

नाव नव्हतं म्हणून मी गोष्टी लावल्या. माझा मेहुणा आफ्रिकेतून गलबतातून आला, असं मी सांगत असे. मेहुण्याला कोयता लागला तर माणसासारखं लाल रक्त येतं. मेहुणा थंडीच्या दिवसांत पापड देतो, गोल, चपटे, तळायचे तेवढे बाकी. मेहुणा अवसेला खाडीकडे तोंड करून गातो. आणि सगळ्यांत गाजलेली ती निळ्या पाण्याची गोष्ट: मेहुण्याचा तुकडा पाण्यात टाकला तर पाणी आभाळासारखं निळं होतं, आणि ते प्यालेला माणूस खोटं बोलायचं विसरतो, म्हणून मी एकदाच प्यालो आणि लगेच थुंकलो. या शेवटच्या वाक्याला आमच्या खाडीकाठच्या मिठागरावरचे लोक मांडीवर थापा मारून हसत. आफ्रिका इकडची तिकडची ऐकीव होती, गाण्याचं एका म्हाताऱ्याकडून उचललं होतं; पण निळं पाणी माझं स्वतःचं, अख्खं, कुठून न घेतलेलं. त्याचा मला गर्व होता. एक हौसाच तेवढी त्या गोष्टीला कधी हसली नाही. बाकीच्या थापांना ती पदर तोंडाला लावून हसायची, ‘काय पन बोलताव तुमी’ म्हणायची. पण निळं पाणी निघालं की कान देऊन ऐकायची, लोकांच्या तोंडाकडे एकेकाकडे बघायची, आणि ते हसले की उठून आत जायची. मला वाटे, हिला यातली नजाकत कळत नाही.

मानकोलीकडची आमची ती घर-परसाची जागा पुढं गोडाऊनला गेली. आमच्याच काय, सगळ्यांच्याच गेल्या. झाड पाडायला मशीन आलं त्या दिवशी हौसा ओट्यावर बसून होती. ती रडली नाही की आडवी गेली नाही. झाड पडल्यावर उठली, मशीनवाल्या पोराला म्हणाली, ‘बाबू, येक तुकडा दे.’ त्यानं बुंध्याचा सालीसकट एक ओंडका कापून दिला, पाटाएवढ्या उंचीचा. तो घेऊन आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. फ्लॅटमध्ये ओंडक्याला जागा कुठली? मोरीच्या तोंडाशी पाण्याचं पिंप होतं, ते कलत होतं. हौसानंच ओंडका त्याच्याखाली सरकवला. पिंपातून पाणी गळे, ओंडक्यावरून ओघळून मोरीत जाई. जाता येता हौसा त्याला पाय लागू देत नसे. मला तो पिंपाचा टेकू वाटायचा.

हौसा ‘दादा’ म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे बस्ता बांधायला गेल्यावर, झोपलेल्या हौसाजवळ शेजारणीला बसवून मी पिंप रिकामं केलं, ओंडका ओढून काढला, पिंपाखाली विटा दिल्या आणि रिक्षात घालून हिरामणच्या वखारीत नेला. उन्नतीला मी काही कबूल केलं नव्हतं, केसरीनाथला सांगितलं नव्हतं; पण हौसाच्या त्या बघण्यात एक काम होतं, आणि ते माझ्या नावावर होतं. लग्न तोंडावर आलेलं. दादाची फांदी तर आता देवाच्या बापालाही मिळणार नव्हती. निदान त्याच जातीचं झाड कुठं उभं असेल तर त्याची फांदी. त्यासाठी जात कळायला हवी. हौसाला आता विचारण्यात अर्थ नव्हता; ज्या दिवसांत तिला बोलता येत होतं त्या दिवसांत मीच बोलत होतो.

हिरामण माझ्या दोस्ताचा मुलगा. बापाच्या वेळी वखारीत तानसाकडचं सागवान यायचं, आता सगळा माल परदेशाचा, टोकाला शिक्का मारलेला. त्यानं ओंडका उलटा केला, सालीवर नख मारलं, हुंगला. ‘काका, ऐन असंल. न्हायतर धावडा. शिसव पन असू शकतो.’ म्हटलं, म्हणजे तुला माहीत नाही. ‘शिक्का न्हाय ना,’ तो हसून म्हणाला. मग त्यानं मशीनवर बाजूनं एक काप काढला. करवतीच्या आवाजात मी उगीच दुसरीकडे बघितलं. लाकूड आतून पिवळसर तपकिरी निघालं, मधे गडद रेघा. भुसा माझ्या घामट तळहाताला लागला तिथं पिवळा डाग उठला, हळदीसारखा. सालीच्या भेगेत काळपट लाल खडे साकळले होते, नखानं दाबले तर चुरा झाला. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते आठवेना. आठवणीच्या दारापर्यंत यायचा आणि तिथून माघारी फिरायचा.

‘पान सांगा ना काका. ऐकून कोन तरी वळखंल.’ मी तोंड उघडलं आणि माझ्या ध्यानात आलं, की पानं मला दोन दिसतायत. एक हाताएवढं, मागून चंदेरी, जे मी मिठागरावर सांगत असे. आणि एक लहान, गोलसर, देठाला ओळीनं लागलेलं, टोकाला जरा चिमटा काढल्यासारखं. यातलं कुठलं परसात होतं? बोललेलं पान लख्ख होतं, त्याच्या शिरा मोजता आल्या असत्या. पाहिलेलं, पाहिलेलं असेल तर, धुरकट. ‘फूल?’ हिरामण म्हणाला. पिवळं, म्हटलं, बहुतेक. ‘फल?’ पापडासारखं, मी म्हणालो. तसा तो भुशावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. मशीनवरच्या माणसाला ओरडून म्हणाला, ‘अरे इस्माइल, ये अपने काका, इनके झाड को पापड लगता है!’ इस्माइलनं मशीन बंद करून विचारलं, ‘चाचा, मसालावाला कि सादा?’ मीही हसलो. न हसून काय करणार? पण आतून जे वाटलं ते याआधी कधी वाटलं नव्हतं. माझंच घर, आणि आत माझीच सोंगं बसलेली. मी दारातून विचारतोय, तुमच्यात खरं कोण, आणि सगळी हात वर करतायत. रक्त येत होतं का? ते लाल खडे तर समोर होते. पण खडे पाहिल्यामुळं आता रक्त आठवतंय की रक्त होतंच? मी आयुष्यात इतकं सांगितलं होतं, की पाहिलेलं ठेवायला जागाच उरली नव्हती.

तो काप पिशवीत टाकून मी एसटी स्टँडवर गेलो आणि वज्रेश्वरीची गाडी धरली. वाटेत दोन्ही अंगांनी गोडाऊनं, मग ती विरळ झाली, मग कापणी झालेली भातं आणि वीटभट्ट्या. बाजूला गणेशपुरीच्या आश्रमात निघालेली एक गोरी बाई बसली होती, ती माझ्या पिशवीकडे बघून हसली. एरवी मी तिला सोडलं नसतं. ती भाषा न समजताही हसत उतरली असती. त्या दिवशी मी काप मांडीवर धरून बसलो. लग्नानंतर हौसाला पहिल्यांदा न्यायला आलो तो याच रस्त्यानं, तेव्हा रस्ता नव्हता. दोन्हीकडे झाडं होती, एवढंच आठवतं. झाडं होती! कसली, काय, त्यांच्यात तिचे आणखी किती दादा उभे होते, मी बघितलंच नाही, मी बैलगाडीत कुणाला तरी काहीतरी सांगत होतो.

हौसाच्या माहेरी आता तिची भावजय तुळजा आणि तिचा मुलगा रामू. तुळजा म्हातारी झालीय, पण मला बघितल्यावर डोक्यावर पदर घेतलाच. ‘या भावोजी. वन्सं बऱ्या हायत?’ मी सांगितलं, बोलली. काय बोलली तेही सांगितलं. मग मी पिशवीतून काप काढून तिच्यापुढं ठेवला आणि विचारलं, हे झाड कसलं? तिनं पदर आणखी पुढं ओढला, तोंड बाजूला केलं. ‘मी कशी सांगू? वन्संचं दादा ते. मना थोरलं दीर लागतान.’ मला हसू आलं आणि त्याच वेळी हिला गदगदा हलवावं असंही वाटलं. म्हटलं, अगं, ती तिकडं वाट बघतेय, मांडव पडायचाय, कसली लाज धरतेस? तेव्हा ती जरा रागानंच म्हणाली, ‘मना कशाला इचारताव? पान्यात टाकून बगा. तुमीच तर सगल्या मुलखाला सांगत फिरताव.’

मी म्हटलं, काय सांगत फिरतो?

‘निल्या पान्याची गोष्ट. हितल्या पोरीबालींना पन ठाव हाय.’

‘ती मी रचली, तुळजा.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदर बाजूला करून, भावोजींचा मान विसरून, चांगलं निरखून पाहिलं, आणि आत गेली. काचेचा ग्लास आणला, कोयत्यानं कापाची एक ढलपी काढली, पाण्यात टाकली आणि ग्लास अंगणात उन्हात ठेवला. आम्ही दोघं बसून राहिलो. कोंबड्या आल्या, गेल्या. पाणी आधी चहाच्या निवळीसारखं पिवळं झालं. मी मनातल्या मनात सुटलो. चला, माझं ते माझंच राहिलं. आणि मग तिनं ग्लास जरा फिरवला, ऊन बाजूनं आलं, आणि काचेच्या कडेला, पाण्याच्या अंगात, निळं उमटलं. रंग विरघळावा तसं नाही. धुरासारखं, खोल आभाळ सकाळी असतं तसं, हललं की हलणारं. मी ग्लास उचलला. सावलीत धरला तर पिवळं. उन्हात धरला तर निळं. प्यालो. कडू, तुरट, घशाला आवळणारं, आणि त्या कडूपणाबरोबर ते दार उघडलं: परसातली खाट, हिवतापानं फणफणलेला मी, पांघरुणावर पांघरूण, उन्हात धरलेला काचेचा पेला, पेल्यामागे हौसाची बोटं निळी दिसतायत, आणि ती नव्या नवरीच्या आवाजात सांगतेय, ‘घ्या. दादानं दिलाय.’ तापात दिसलेलं मी खरं धरलं नाही. ताप उतरल्यावर ते डोक्यात राहिलं, त्याला शेपूट लावलं आणि माझं म्हणून मिठागरावर नेलं. ती कान देऊन ऐकायची ते यासाठी. इतक्या थापांमध्ये नवरा एक खरं सांगतोय, ते तरी लोक खरं धरतायत का, हे बघायला ती लोकांची तोंडं बघायची. आणि लोक हसायचे. आणि मी त्यांच्याबरोबर. मोरीतल्या त्या अंधारात पिंपाखालचं पाणी इतकी वर्षं ओंडक्यावरून गेलं. निळं दिसायला ऊन लागतं.

‘बिबला,’ मागून रामू म्हणाला. तो शेतावरून येऊन केव्हाचा दारात उभा होता. ‘आय नाव घेनार न्हाय, पन मना काय, मी घेतो. बिबला हाय, काका. तो काय, बांधावर हाय, मागं डोंगरात पायजे तेवढं.’ त्यानं बोट दाखवलं तिथं एक साधं झाड उभं होतं. लहान गोलसर पानं, टोकाला चिमटा काढलेला. फांद्यांना चपटे गोल पापड लटकलेले, मधे फुगीर, कडेला कागदासारखी झालर. रामूनं फांदी तोडायला कोयता मारला, आणि सालीतून हळूहळू लाल ओघळ आला. मी त्याला बोट लावून बघितलं. आफ्रिका, गाणं आणि ते चंदेरी पान सोडलं तर मी आयुष्यभर खरंच बोलत आलो होतो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

फांदी घेऊन परत आलो तेव्हा लूम चालू होते. गाडीत फांदीकडे बघून कंडक्टरनं विचारलं होतं, ‘आजोबा, हिचं हाफ तिकीट का फुल?’ तेही मी आल्याआल्या सांगितलं नाही. पानं चुरगळू नयेत म्हणून भिवंडीपर्यंत उभा आलो होतो, पाय वळले होते. घरी सगळे परतले होते, खाटेभर साड्या पसरलेल्या. त्या बाजूला सारून मी फांदी हौसाच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, ‘बघ. आणला.’ केसरीनाथ, कमळ, उन्नती, सगळे बघत होते. हौसानं डावा हात पानांवरून फिरवला. एक पापड बोटात धरला, अंगठ्यानं झालर चाचपली. फांदी नाकाशी नेली. तिचा चेहरा उजळला, एखादा गाववाला परगावी भेटावा तसा. आणि मग ती म्हणाली, जड जिभेनं, पण अगदी स्वच्छ:

‘बिबला.’

‘आये बोलली! नाव सांगितलंन!’ केसरीनाथ ओरडला. कमळ हसली, रडली. मी तेवढा उभाच राहिलो. हौसानं नाव घेतलं होतं, आणि नाव तर बाहेरच्या झाडाचं घ्यायचं. माझ्याकडे बघून, मायेनं, मला समजेल असं, तिनं नाव घेतलं होतं; लडकू पाटील एवढा डोंगरापर्यंत जाऊन आला म्हणून बहुतेक ती हसलीसुद्धा. मग फांदी तिनं हळूच बाजूला ठेवली, साड्यांच्या ढिगाजवळ, आणि तिचा हात माझ्या पिशवीकडे वळला. तिथून कापाचं टोक बाहेर आलं होतं. मी तो दिला. तिनं जुनी साल चाचपली, ती ओळखीची होती. मग बोट सालीवरून उतरून करवतीच्या ताज्या कापावर आलं आणि तिथं थांबलं. ती त्या गुळगुळीत जागेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली, आणि मोरीकडे बघत राहिली, जिथं पिंप विटांवर उभं होतं. उरलेला ओंडका हिरामणच्या वखारीतच होता. मी तो आणला, त्याच संध्याकाळी, धावतपळत. पण तिनं बोट फिरवलं ते फिरवलं.

मांडव दाराशी पडला. बिबळ्याची फांदी बांधली, कारण आणली होती. आणि खांबाच्या पायथ्याशी, हळदीच्या पाट्याशेजारी ओंडका ठेवला, कापलेली बाजू भिंतीकडे करून. हौसाला खुर्चीवर बसवून खाली आणलं होतं, तिचा डावा पाय त्याला टेकेल न टेकेल असा. उन्नती हळदीनं माखलेली माझ्याजवळ येऊन बसली, मैत्रिणी गोळा झाल्या. ‘आबा, ती फांदी बिबळ्याची ते कळलं. पन आजीचं झाड, त्याचं नाव काय होतं? आनि खरं सांगा हां, आफ्रिका नको.’ मैत्रिणी आधीच हसायला तयार होत्या. मी टोपी नीट केली, गोष्ट सांगण्याआधी करतो तशी. हौसा कान देऊन बसली होती, आणि पोरींच्या तोंडाकडे एकेकीकडे बघत होती.

मी दादाचं नाव घेतलं नाही.